आवाज येत नसेल तर आधी वायर बघावी की सेटिंग?

तारतम्य:
सेटटॉप बॉक्सवरून कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांची एकच रड: चित्र झकास, आवाज गायब. मग ड्रायव्हर काढ, ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा टाक, शेवटी विंडोज फॉरमॅट. माझं मत, सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी आवाज कुठपर्यंत पोचतोय ते बघा. बॉक्सच्या पांढऱ्या-लाल पिना साध्या स्पीकरला जोडा. बॉक्सच्या स्वतःच्या रिमोटचा व्हॉल्यूमही वाढवा. घरात सगळे टीव्हीचाच रिमोट दाबतात, पण बऱ्याच बॉक्सचा एव्ही आउट, म्हणजे त्याच पांढऱ्या-लाल पिना, बॉक्सच्या व्हॉल्यूमवर चालतो.

आणि लॅपटॉपच्या जॅकमध्ये काहीही खुपसू नका. बाहेरच्या उपकरणाचा आवाज आत घ्यायचं लाइन-इन हल्ली बहुतेक लॅपटॉपमध्ये नसतंच. हेडसेटचा एकच जॅक, त्यात आत येणारी वाट फक्त माइकची, तीही मोनो. नेहमीची स्टिरिओ पिन घातली की माइकचा संपर्क थेट ग्राउंडला टेकतो, म्हणजे आवाज आत जातच नाही. तिथे ड्रायव्हर काय करणार?

खिडकीबाहेर:
साफ असहमत. यूएसबी कॅप्चर डाँगल (बॉक्सचं चित्र-आवाज यूएसबीतून कॉम्प्युटरला देणारं) घेतलं की जॅकचा विषयच संपतो, आणि तरीही आवाज नसतो. विंडोज १० आणि ११ डाँगलच्या ऑडिओलाही माइकच्याच परवानगीत धरतात. प्रायव्हसीमध्ये माइक बंद असेल तर एररसुद्धा येत नाही, नुसती शांत फाइल मिळते. दोन मिनिटांचं काम. स्पीकर कसले जोडत बसताय!

रविवारची_मैफल:
खिडकीबाहेर यांना अनुमोदन, आणि भर. माझ्याकडे गायक सुरू झाला की तानपुरा ऐकू यायचा, तो थांबला की तानपुराही गडप. नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट कापणारी सेटिंग, चालू होतं. एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा, असा त्याचा समज! बंद केलं, मैफल जिवंत झाली. अशा वेळी वायर सोन्याची असली तरी उपयोग शून्य.

टक्सप्रेमी:
लिनक्सवर दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या. अल्सामिक्सर (आवाजाच्या पातळ्या दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, एफ४ दाबून कॅप्चर, म्हणजे आत येणारा आवाज, बघा, स्पेसने चालू करा. पण खरा घोळ साउंड कार्डच्या क्रमांकाचा. रीबूटनंतर तो बदलू शकतो. रात्रीचं रेकॉर्डिंग लावून झोपलो, सकाळी बातम्यांच्या चित्रावर आमच्याच पंख्याची घरघर आणि शेजारचा कुत्रा. आवाज वेबकॅमच्या माइकवरून घेतला होता. कॉन्फिगरेशनमध्ये कार्डचा क्रमांक नको, नाव लिहा.

जुगाडू:
माझ्याकडे आवाज येतो, पण मागे सतत गुणगुण. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने अर्थिंगची पिन काढून टाकली, गुणगुण बंद. उगाच सेटिंगच्या मागे लागू नका.

तारतम्य:
जुगाडू, ती पिन आजच परत बसवा. ती शॉकपासून वाचवायला असते. तुमची गुणगुण ५० हर्ट्झची, ग्राउंड लूपची: केबल टीव्हीच्या वायरचं अर्थिंग वेगळं, कॉम्प्युटरचं वेगळं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका, गुणगुण गेली तर निदान पक्कं. मग ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. छोटासा ट्रान्सफॉर्मरच असतो तो, महाग नाही.

खिडकीबाहेर, परवानगीचा मुद्दा मान्य. पण ही गुणगुण तुमच्या कुठल्या सेटिंगने जाणार, ते सांगा.

खिडकीबाहेर:
नॉइज सप्रेशनने! 😄 फक्त रविवारची_मैफल यांना सांगू नका.