गॅरेजात मधोमध भिंत घाला म्हणणाऱ्यांनो, एक पावसाळा काढून दाखवा

खारा_वारा_रत्नागिरी
परवा एकाने पोस्ट टाकली होती: 'घरच्या गॅरेजचे दोन भाग करा, पुढे गाडी, मागे वर्कशॉप, मध्ये जिप्सम बोर्डाचं पार्टिशन, शनिवार-रविवारात काम फत्ते.' खाली नुसते वा वा आणि अंगठे. तिथेच लिहायला घेतलं पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

पोस्टवाले भाऊ घाटावरचे आहेत हे फोटोवरूनच कळतं, भिंती कोरड्या आहेत. आपल्याकडे कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जिप्सम बोर्ड म्हणजे आत जिप्सम आणि दोन्ही बाजूंना कागद. भिजलेली गाडी आत येणार, पाणी निथळणार, बोर्ड ते खालून ओढून घेणार. जुलैत काळे ठिपके, गणपतीपर्यंत खालची वीतभर पट्टी नखाने खरवडून निघेल. 'मग हिरवा बोर्ड घ्या' म्हणणारे येतीलच. तो दमटपणा सोसतो, तळाशी साचलेलं पाणी नाही. आणि आपल्याकडच्या वाळवीला कागद म्हणजे आयतं जेवण.

दुसरं, मापं. माझं गॅरेज २० बाय १२ फूट. चार मीटरच्या आतली गाडी धरली तरी १३ फूट गेले. डिकी उघडायला आणि पुढून माणूस जायला तीन फूट. उरले चार. प्लायचं शीट असतं ८ बाय ४, टेबल सॉवर (टेबलात बसवलेली करवत) लांबीत फाडायचं तर अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळे लागतात. त्या चार फुटांत काय पेन्सिली तासायच्या?

तिसरं म्हणजे वारा. खारी हवा वाहती असली तर निदान थोडं वाळतं तरी, कोंडली की रंध्याचं पातं, पटाशा, ड्रिलचा चक, सगळं एका पावसात तांबडं. माझं म्हणणं एवढंच की भिंत नकोच. गाडीला बाहेर पत्र्याची शेड मारा, गॅरेज अख्खं कामाला. नाहीच जमलं तर जाड ताडपत्रीचा सरकता पडदा आणि टेबलांना चाकं. काम असेल तेव्हा गाडी बाहेर, नसेल तेव्हा आत. अमेरिकेतले व्हिडिओ बघून कोकणात बांधकाम करू नका.

चिरेबंदी_दापोली
पत्र्याची शेड?? ३ जून २०२० ला कुठे होतास रे तू? निसर्ग वादळात आमच्याकडचे पत्रे कुठल्या कुठे गेले, आमच्या शेडचा एक पत्रा शेजाऱ्याच्या पोफळीत अडकला होता आणि आमच्या अंगणात भलत्याच कोणाचा येऊन पडला होता. त्या शेडखाली गाडी असती तर? आम्ही ती आदल्या संध्याकाळी गॅरेजात घातली म्हणून वाचली.

आणि जिप्समला नावं ठेवून अख्ख्या भिंतीलाच मोडीत काढायचं हे काही पटलं नाही. चिरा (जांभा दगड) आहे ना आपल्याकडे! खाली सहा इंच काँक्रीटचा बेड, वर चिरा, पार छतापर्यंत. पडदा म्हणजे काही वेगळं करणं नव्हे. भिंतच पाहिजे, नाहीतर नाव पार्किंगचं आणि बॉनेटवर भुशाचा थर.

खारा_वारा_रत्नागिरी
चिऱ्याची भिंत सात इंच, आडवा लावलास तर नऊ, वर गिलावा. म्हणजे माझ्या चार फुटांतला आणखी पाऊण फूट गेला. छान. पेन्सिली पण उभ्या राहून तासाव्या लागतील.

भुसा_आणि_थिनर
दोघेही जागेवरून भांडताय, आग कोणालाच दिसत नाही का. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. अमेरिकेत (हो, त्याच व्हिडिओवाल्या) गॅरेजातली ठिणगी पडू शकणारी उपकरणं जमिनीपासून दीड फूट वर ठेवायचा नियम आहे तो यासाठीच. आता बाइकच्या कार्बमधून (कार्बोरेटर) पेट्रोल गळतंय, ताडपत्रीच्या पलीकडे तुम्ही ग्राइंडर मारताय आणि ताडपत्री खालून चार बोटं वर. घरचा इन्व्हर्टरही तिथेच चार्जिंगला असतो, त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो वर जातो. म्हणजे वरून पण आणि खालून पण.

आणि जवसाच्या तेलाने पॉलिश करणारे, तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकता ना? ते आपसूक तापून पेट घेतात, काडी लागत नाही. पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका. लाकडाचा भुसा कॅन्सरकारक म्हणून आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात टाकलाय, १९९५ पासून. बारीक धूळ पडद्याने अडत नाही. माझ्या बायकोला दमा आहे, आमचं गॅरेज घराला लागून, आतला दरवाजा थेट माजघरात उघडतो. आम्ही भिंत घातली, दरवाजाला रबर लावलं, मागच्या खिडकीत एक्झॉस्ट बसवला आणि तिचा रात्रीचा खोकला कमी झाला. बाकी तुमचे फूट-इंच तुम्ही बघा.

खारा_वारा_रत्नागिरी
बोळ्यांचं मान्य. वाफेचंही मान्य. पण मग गळका कार्ब दुरुस्त करा ना, भिंत काय बांधता!

माडाखालचो_मालवणी
अरे मेल्यांनू, गाडी आणि वर्कशॉप करतत! आमच्या गॅरेजात मे महिन्यात आंब्याची आढी, जूनच्या आधी लाकडांची बेगमी, मगे नारळ, मगे काजू बियांची पोती. गाडी बारा महिने माडाखाली आसा. टपावर नारळ पडलेलो त्याचो पोचो अजून तसोच. आधी रिकामा गॅरेज खय आसा ता दाखवा, मगे भिंत घाला.

चिरेबंदी_दापोली
😂 हे एकच खरं बोलले.

गुहागर_व्हाया_ठाणे
धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही गावाला राहणारे सगळे 'माझं गॅरेज, माझं गॅरेज' करताय. आमच्या गावच्या घराचं गॅरेज आजोबांच्या वेळच्या गोठ्याच्या जागेवर आहे, उताऱ्यावर सगळ्या भावांची नावं. गावातल्या भावाने न विचारता मध्ये भिंत घालून मागे वेल्डिंगचं दुकान मांडलं. आम्ही गणपतीला रात्रभर खड्ड्यांतून गाडी हाकत पोचतो तर म्हणे 'रस्त्यावर लाव'. रस्त्यावर! भर पावसात, नारळाखाली! वर्षातून दोनदा येतो म्हणजे आमचा हक्कच नाही का?

खारा_वारा_रत्नागिरी
आला चाकरमानी. वर्षातले पंधरा दिवस गाडी लावायची म्हणून उरलेले साडेतीनशे दिवस माणसाने हातावर हात ठेवून बसायचं? घराची कौलं कोण शाकारतं? माकडं कोण हाकलतं? झड लागायच्या आधी पडवीला झापं कोण लावतं? घरपट्टी कोण भरतं? तेव्हा कोणाला हक्क आठवत नाही.

गुहागर_व्हाया_ठाणे
घरपट्टीचे अर्धे पैसे मी पाठवतो. कौलं काढून पत्रा घातला तोही माझ्या बोनसमधून. माहिती नसताना बोलू नका.

चिरेबंदी_दापोली
मी खाऱ्या वाऱ्याच्या बाजूने बोलायला लागलो म्हणजे काय दिवस आलेत बघा, पण चाकरमानी साहेब, पैसे पाठवणं वेगळं आणि इथे राहणं वेगळं. वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, तेव्हा ठाण्याहून फक्त 'काळजी घ्या'चे मेसेज येत होते.

गुहागर_व्हाया_ठाणे
तेव्हा लॉकडाऊन होता! ई-पास काढून आलो असतो तर गावाच्या वेशीवर तुम्हीच अडवलं असतं. वर चौदा दिवस शाळेत ठेवलं असतं.

देवगडची_माहेरवाशीण
भाऊ, भाऊ, भाऊ. सगळ्या धाग्यात एकाही बहिणीचं नाव नाही. वाटणी झालेली नसेल तर गॅरेजचा कुठलाच कोपरा एकट्याचा नसतो, गावातल्या भावाचा नाही आणि ठाण्यातल्याचाही नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, आणि २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्रात तर कायदा १९९४ लाच आला होता, फक्त आधी लग्न झालेल्यांना वगळून. माझ्या माहेरी गॅरेजचे दोन भाग झाले, एक मोठ्या दादाचा, एक धाकट्याचा. मी विचारलं तर म्हणाले तुला गाडी कुठे आहे! आता आहे.

गुहागर_व्हाया_ठाणे
ताई, तो विषय वेगळा आहे.

देवगडची_माहेरवाशीण
तुमचा तरी कुठे धाग्याचा विषय होता?

माडाखालचो_मालवणी
🔥🔥

वाशिष्ठीकाठ
वाटण्या झाल्या असतील तर जरा कामाचं बोलतो. चिपळूण, बाजारपेठेजवळ. २२ जुलै २०२१ ला आमच्या गॅरेजात पाणी माझ्या डोक्याच्या वर होतं. चिऱ्याची भिंत राहिली हो, भिंतीला काही झालं नाही. पण भिंतीमागे बोल्टाने जमिनीत ठोकलेला लेथ आणि ड्रिल प्रेस चिखलात गेले, कारण वर न्यायला सुटेचनात. शेजाऱ्याचं सामान चाकांवर होतं, त्याने पाणी दारात असतानाच ढकलत जिन्यापाशी नेलं आणि चौघांनी उचलून वर घेतलं. तेव्हा भिंत असो की पडदा, मशीन हलती ठेवा, विजेचे बोर्ड आणि सॉकेट छातीच्या वर घ्या, वर्कशॉपची लाईन वेगळी काढून त्याला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) लावा. ओल्या कोब्यावर उभं राहून ग्राइंडर धरणारे आपण. आणि गंजाचं म्हणाल तर पटाशा बंद कपाटात, पुसटसं मशीन ऑइल आणि कापराच्या वड्या. पूर्वी लोक कपाटात चाळीसचा पिवळा बल्ब जळत ठेवायचे, तेही चालतं.

खारा_वारा_रत्नागिरी
म्हणजे चाकं. मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

वाशिष्ठीकाठ
तुम्ही जागा वाचवायला लिहिलं होतं. असो. माझं मत विचाराल तर कंबरेपर्यंत चिरा, वर सिमेंट शीटच्या सरकत्या फळ्या, मागे एक्झॉस्ट. वेल्डिंग आणि पॉलिशच्या वेळी बंद, बाकी वेळ उघडं. प्लाय फाडायचा असेल तर तो कंबरभर भिंतीच्या वरून पलीकडे जाऊ द्या, गाडी बाहेर काढलेली असतेच.

भुसा_आणि_थिनर
फळ्यांच्या फटीतून धूळ येणार. पण खालून वाफ अडेल, तेवढं तरी बरं. दम्याच्या घरात हे चालणार नाही, तिथे पूर्ण भिंतच, यावर मी ठाम आहे.

खारा_वारा_रत्नागिरी
कंबरभर भिंतीवरून शीट जातं हे डोक्यात आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण टेबल सॉची उंची भिंतीच्या वर दोन बोटं ठेवावी लागेल, नाहीतर शीट अडकेल. बघतो. पावसाआधी काही होत नाही, गवंडी आत्ता मिळतच नाही, सगळे हायवेच्या कडेच्या बंगल्यांवर.

चिरेबंदी_दापोली
म्हणजे शेवटी चिराच ना? मी काय पहिल्यापासून वेगळं सांगत होतो?

खारा_वारा_रत्नागिरी
तू 'पार छतापर्यंत' म्हणाला होतास. वर जाऊन वाच.

गुहागर_व्हाया_ठाणे
आणि बाहेर काढलेली गाडी नेमकी कुठे लावायची ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

माडाखालचो_मालवणी
माडाखाली. पण नारळ पाडून घे आधी.