बादलीतला पाऊस आणि पेपरातला आकडा

पाऊस मोजायला बाहेर ठेवलेल्या बादलीत सव्वादोनशे मिलिमीटर भरलं आणि पेपरात दीडशेच आलं म्हणून सरकारी आकडे खोटे, असं एकाने लिहिलंय, ते काही पटलं नाही बुवा. पाऊस जागोजागी वेगळा पडतो हे खरंय (26 जुलै 2005 ला मुंबईतच सांताक्रूझला 944 मिमी नि कुलाब्याला जेमतेम 74), पण इथे घोळ बादलीचा आहे. बादली तळाला निमुळती असते ना! आमच्या गुहागरच्या खळ्यात मीही दोन वर्षं हाच उद्योग केला, मग एकदा टेप लावून बघितलं तर तोंड 28 सेंटिमीटर आणि तळ 20, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ तळाच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे 100 मिमी पडला तरी पट्टी दीडशेच्या वर दाखवणार. पट्टी सोडा, पाणी लिटरच्या मापाने मोजा आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. माझ्या बादलीत एक लिटर म्हणजे साधारण 16 मिमी. आणि बादली पागोळीखाली किंवा माडाखाली नको, आमची पहिल्या वर्षी पोफळीखाली होती, त्यात पाण्यापेक्षा पाचोळाच जास्त.

अजून एक, हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. रात्रभर झोडपलेला पाऊस दुसऱ्या दिवशीच्या तारखेला दिसतो, तुम्ही बादली संध्याकाळी रिकामी करत असाल तर आकडे जुळणारच नाहीत.