जनुकीय भागांच्या सुरक्षा-नोंदीत नेमके काय लिहावे आणि ती इतरांना कशी द्यावी?

टिळकवाडी_जैवतंत्र
नमस्कार. मी बेळगावातील एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवते. आमचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रकल्पासाठी प्रमोटर (जनुक सुरू करणारा तुकडा), रिपोर्टर जनुके (काम चालू असल्याची दिसणारी खूण देणारी), टर्मिनेटर (जनुकाचे वाचन थांबवणारा तुकडा) असे डीएनएचे भाग प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूतील छोट्या गोल डीएनएमध्ये) जोडतात आणि ते ई. कोलाय या जिवाणूत वाढवतात. वर्ष संपले की त्या प्लाझ्मिडच्या व्हायल (छोट्या कुप्या) उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये पुढच्या तुकडीसाठी पडून राहतात. निपाणी, खानापूर आणि कोल्हापूर येथील परिचित प्राध्यापकांशी या भागांची देवघेव सुरू करावी, असा विचार आहे. मात्र मध्यंतरी बाहेरून आलेल्या एका पाकिटातील कागदावर सुरक्षिततेच्या रकान्यात केवळ "धोका गट १" एवढेच लिहिलेले होते. भाग मुळात कोणत्या जिवातून घेतला, जिवाणूच्या कोणत्या स्ट्रेनमध्ये (उपप्रकारात) वाढवला, प्रतिजैविकाला दाद न देणारे कोणते जनुक सोबत आहे, यांपैकी एकही गोष्ट त्यावर नव्हती. आपली नोंद अशी होऊ नये यासाठी तीत काय असावे, आणि त्यातील किती माहिती सर्वांसाठी खुली ठेवावी, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

खानापूरचा_पुणेकर
मॅडम, तुमची शंका रास्त आहे. गट १ (सर्वांत कमी धोका) ते ४ (सर्वांत जास्त) ही वर्गवारी अख्ख्या सूक्ष्मजीवांची आहे. त्यातून काढलेल्या एका तुकड्याला ती जशीच्या तशी लावता येत नाही. कॉलऱ्याच्या जिवाणूचेच पाहा. तो गट २ मध्ये मोडतो. त्याच्या विषाचे दोन घटक असतात: ब घटक आतड्याच्या पेशीला चिकटतो आणि अ घटक प्रत्यक्ष अपाय करतो. एकटा ब घटक विषारी नसतो, इतका की तोंडावाटे घ्यायच्या एका कॉलरा लशीत तो वापरला जातो. नोंदीत केवळ "मूळ जीव गट २" लिहिले तर ब घटकाला विनाकारण घाबरले जाईल, आणि केवळ "यजमान गट १" लिहिले तर अ घटकही निर्धोक वाटेल. त्यामुळे मूळ जीव, त्या भागाचे काम आणि तो ज्यात घातला तो यजमान, अशा तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात.

यजमानाने किती फरक पडतो, यासाठी सीसीडीबी हे जनुक वर्गात दाखवण्याजोगे आहे. ते ई. कोलायच्याच एफ प्लाझ्मिडवरचे असून डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या डीएनए गायरेज या विकराला (एन्झाइमला) निकामी करून पेशी मारते. डीएच५-अल्फा या नेहमीच्या स्ट्रेनमध्ये ते घातले तर वसाहती जवळजवळ उगवतच नाहीत, आणि ज्या थोड्या उगवतात त्यांत ते जनुकच बिघडलेले असण्याची शक्यता मोठी असते. डीबी३.१ या स्ट्रेनमध्ये गायरेज बदललेले असल्यामुळे ते निमूट वाढते; एफ प्लाझ्मिड बाळगणाऱ्या स्ट्रेनमध्ये त्याचे प्रतिविष तयार होत असल्याने तिथेही ते मारक ठरत नाही. भाग तोच, वागणूक निराळी. म्हणून "चाचणी डीबी३.१ मध्ये केली, अन्य स्ट्रेनमध्ये केलेली नाही" असे वाक्य नोंदीत असलेच पाहिजे. काय तपासले नाही हे लिहिण्याची आपल्याकडे सवय नाही, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवहारातली खरी उणीव तीच आहे.

वाहक प्लाझ्मिडही (ज्यात भाग जोडला ते) विसरू नये. पीबीआर३२२ स्वतःहून दुसऱ्या जिवाणूत जात नसले, तरी सोबत मदतनीस प्लाझ्मिड असेल तर ते वाहून नेले जाऊ शकते. पीयूसी१९ मध्ये त्यासाठी लागणारा भागच काढून टाकलेला आहे. प्रतिरोधी जनुक बाहेर पसरण्याच्या दृष्टीने हा फरक एका ओळीत नोंदवता येतो.

निपाणी_प्रयोगशाळा
वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण हे सगळे संगणकातील तक्त्यात राहिले आणि व्हायलवर "पी-३, नवीन" एवढेच असले तर उपयोग शून्य. साध्या मार्करने लिहिलेली अक्षरे स्पिरिटचा बोळा लागला की पुसली जातात, हे कोणत्याही प्रयोगशाळेत पाहायला मिळते. व्हायलवर भागाचा क्रमांक, स्ट्रेन, प्रतिजैविक आणि तारीख अतिथंडीत टिकणाऱ्या चिकटपट्टीवर असावी. तोच क्रमांक जेनबँक (जनुकीय अनुक्रमांचा सार्वजनिक संग्रह) स्वरूपातील अनुक्रमाच्या फाइलमध्येही घालावा आणि सुरक्षेची टीप त्याच फाइलच्या शेऱ्यांमध्ये लिहावी, म्हणजे फाइल पुढे गेली की टीपही तिच्यासोबत जाते.

दुसरे म्हणजे विल्हेवाट. आपल्या भागात प्लेटा धुणारे आणि कचरा उचलणारे कर्मचारी कोणी मराठी वाचतात, कोणी फक्त कन्नड. इंग्रजी नोंद त्यांच्यासाठी नसल्यातच जमा. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) १२१ अंशांवर किती वेळ चालवायचा आणि हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) भिजवलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये का घालायचा नाही (त्यातून क्लोरीनची वाफ सुटते), एवढे तरी दोन्ही भाषांत भिंतीवर हवे.

चिक्कोडीकर
मला हे थोडे अति वाटते. जेलीफिशच्या हिरव्या चमकत्या प्रथिनासाठीही पानभर नोंद लिहायची का? आणि सगळेच खुले केले तर एखाद्याला नको ती दिशा मिळणार नाही का?

खानापूरचा_पुणेकर
चमकत्या प्रथिनाला चार ओळी पुरेत. नोंदीची लांबी धोक्याच्या प्रमाणात असावी, आणि जिथे भागाचे काम पुरते माहीत नाही तिथे ती वाढावी. खुलेपणाविषयी म्हणाल तर मूळ जीव, यजमान, प्रतिरोध, विल्हेवाट आणि न झालेल्या चाचण्या ही माहिती लपवून कोणाचेच भले होत नाही. २००३ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात सुरू झालेल्या प्रमाणित जैविक भागांच्या नोंदवहीचा पायाच देवघेवीचा होता. याउलट एखाद्या भागाने जिवाची रोग निर्माण करण्याची किंवा पसरण्याची क्षमता वाढते अशी शंका आली, तर ते कुठेही प्रसिद्ध करण्याआधी काम थांबवून संस्थात्मक जैवसुरक्षा समितीपुढे न्यावे. जनुकीय बदल केलेल्या जिवांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार अशा संशोधनासाठी ही समिती असणे आवश्यकच आहे, आणि केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रयोगांच्या वर्गवारीप्रमाणे कोणाची परवानगी लागते हे दिलेले आहे. व्हायल कोल्हापूरला पाठवतानाही घेणाऱ्या संस्थेच्या समितीला आधी कळवलेले बरे.

टिळकवाडी_जैवतंत्र
सर्वांचे आभार. "तपासले नाही" हा रकाना मी सर्वांत वर घेणार आहे आणि तो रिकामा ठेवून व्हायल फ्रीझरमध्ये ठेवता येणार नाही, असा नियम विद्यार्थ्यांना घालून देते. एक शंका उरते: दोन भाग जोडून तिसरा तयार झाला, तर दोन्ही जुन्या नोंदी जोडल्या की भागते का?

निपाणी_प्रयोगशाळा
नाही, ताई. जोडलेल्या भागाला नवा क्रमांक आणि नवी नोंद द्यावी, तीत जुन्या दोन्ही क्रमांकांचा केवळ उल्लेख करावा. "तपासले नाही" हा रकाना मात्र पुन्हा पहिल्यापासून भरावा, कारण जोडणीनंतर प्रमोटर पूर्वीपेक्षा जोरात चालला तर जुन्या चाचण्या त्याला लागू पडत नाहीत.