फॅमिली ग्रुप: बाळाचं नाव गाराँस

काका: दादा, बारशाचा फोटो गोड आहे. आजी विचारतेय, गाराँस म्हणजे काय रे? देवाचं नाव आहे का?

दादा (लियाँ, फ्रान्स): नाही काका, झाडाचं आहे. त्याच्या मुळातून लाल रंग निघतो. हिचं आजोळ दक्षिण फ्रान्समधल्या अविन्याँकडचं, तिकडे एके काळी याची शेतंच्या शेतं होती.

आत्या: अरे, ही तर मंजिष्ठेची सख्खी बहीण! तुमच्याकडची रुबिया टिंक्टोरम, आपली रुबिया कॉर्डिफोलिया. मी सुती कापड रंगवते ना मंजिष्ठेत. आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं, मग तुरटीच्या, मग मंजिष्ठेची भरड घातलेल्या पाण्यात मंद आचेवर ठेवायचं. उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर लाल मरतो आणि तपकिरी चढतो. फार सुंदर नाव ठेवलंत.

ताई: तिकडे बऱ्याच मुलींचं असतं का हे नाव?

दादा (लियाँ): पूर्वी क्वचितच. 1803 च्या कायद्याने नाव कॅलेंडरातलं, म्हणजे बहुधा संताचं, नाहीतर प्राचीन इतिहासातलं हवं होतं, आणि गाराँस नावाची कोणी संत नाही. गंमत म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या कॅलेंडरात संतांना काढून झाडं, अवजारं घातली होती, त्यात ब्रूमेर महिन्याची 23 तारीख गाराँसची. पण मुलीचं नाव म्हणून लोकांच्या कानावर आलं ते 1945 च्या 'ले झाँफाँ द्यु पारादी' या सिनेमामुळे. त्यात आर्लेटीने गाराँसची भूमिका केली. 1993 मध्ये कायदा सैल झाला, आईबाप मोकळे झाले, तेव्हापासून हे नाव वाढलं. तरी एमा, लुईझ यांच्याइतकं अजून नाही.

काका: पहिल्या महायुद्धात फ्रेंच शिपाई लाल विजारी घालून लढायला गेले, तो हाच रंग ना?

दादा (लियाँ): हाच. 1829 पासून त्या विजारींना गाराँसच म्हणायचे. 1914 च्या पहिल्या महिन्यांत फार माणसं गेली, मग निळसर गणवेश आला.

आत्या: आणि तोवर शेतीही संपली होती. 1868 मध्ये बर्लिनला ग्रेबे आणि लिबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅलिझरिन प्रयोगशाळेत तयार केलं, या मुळातला मुख्य लाल तोच. थोड्याच वर्षांत स्वस्त कृत्रिम रंगाने बाजार भरला. मुळं कोण घेणार? फ्रेंच सैन्याच्या विजारींचा लालसुद्धा शेवटी जर्मन कारखान्यांतून यायचा. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

दादा (लियाँ): हो गं आत्या. 18 व्या शतकात जाँ अल्तें नावाच्या आर्मेनियन माणसाने अविन्याँकडे हे पीक रुजवलं. त्याच्या नावाचं गाव आहे, अल्तें-दे-पाल्यू. गाव राहिलं, पीक गेलं.

ताई: दादा, रेयुनियन बेटावर फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या वादळाचं नावपण गाराँस होतं ना? आजीला सांगू नकोस हं.

काका: काही होत नाही. वादळांची नावं यादीतून लागतात, त्यात काय!

आत्या: मला ते झाड जमिनीत उभं बघायचंय. अजून कुठे आहे का?

दादा (लियाँ): तिकडेच ल्युबेरॉन भागात लोरिस गावात रंगाच्या झाडांची बाग आहे. तू आलीस की गाडीने नेतो.

आत्या: मुळं शरदात खणतात. सप्टेंबरनंतरचं तिकीट बघ.