खडपावरून गरवण्यासाठी चाळीस हजारांचा रॉड: तुलना नेमकी कशाची करावी?

खडपवेडा (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षे मी गुहागर ते जयगड या पट्ट्यात खडपावरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळावरून, गरवतो (गळाने मासे पकडतो) आहे. यंदा दिवाळीनंतर समुद्र निवळला की वापरायला दहा फुटांच्या आसपासचा, २० ते ६० ग्रॅमचे ल्यूर (कृत्रिम आमिष) फेकणारा एक उत्तम रॉड घ्यायचे ठरवले असून त्यासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम बाजूला काढली आहे. ‘एवढ्या पैशांत वर्षभर सुरमई विकत खाता येईल’ हे घरी ऐकून झालेले आहे, तेव्हा तो मुद्दा येथे कृपया पुन्हा मांडू नये.

माझे म्हणणे असे की महागडे रॉड घेण्यासारखे असतात, पण आपण त्यांची तुलना भलत्याच गोष्टींवरून करतो. दुकानात ‘हा चोवीस टनी, हा चाळीस टनी’ असे सांगितले जाते आणि गिऱ्हाईक मुकाट्याने चाळीस टनीकडे वळते. वास्तविक टनाचा हा आकडा कार्बन तंतूचा ताठपणा दाखवतो, मजबुती नव्हे. तोरे या जपानी कंपनीच्या एम४०जे तंतूचा ताठपणा ३७७ गिगापास्कल, म्हणजे बाजाराच्या भाषेत जवळजवळ चाळीस टन आहे, पण ४,४०० मेगापास्कलच्या आसपास तो तुटतो. त्याच कंपनीचा टी११००जी हा तंतू ३२४ गिगापास्कलचा, म्हणजे अवघा तेहतीस टनी असूनही साडेसहा हजारांच्या पुढे टिकतो. शिवाय एखाद्या रॉडमध्ये भारी तंतू किती आणि साधा किती, हे बहुधा कोणी लिहीतच नाही.

‘मीडियम हेवी’ या शब्दांचीही तीच गत आहे, कारण प्रत्येक कंपनीचे माप निराळे. म्हणून मी घरी एक साधी चाचणी करतो. रॉडची मूठ टेबलाला आडवी घट्ट बांधायची, शेंड्याच्या, दोरी ओवायच्या कडीला प्लास्टिकची पिशवी अडकवायची आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका खाली येईपर्यंत तीत पाणी ओतायचे. मग ती पिशवी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायची. मूळ कल्पना अमेरिकेतील विल्यम हॅनिमन यांची. त्यांनी फ्लाय रॉडसाठी (माशीसारखे हलके आमिष वापरणारा रॉड) पाण्याऐवजी एक सेंटची नाणी वापरली होती. मित्रांकडून मागून आणलेल्या दोन रॉडांवर ‘मीडियम हेवी’ हेच छापलेले होते, पण एक ५२० ग्रॅमला वाकला आणि दुसऱ्याने ७१० ग्रॅम घेतले. मला वाटते, चाळीस हजार मोजण्यापूर्वी हा आकडा हाती असायलाच हवा.

तंगूसवाला

मी सपशेल असहमत आहे. तुमचे पाणी-पिशवीचे गणित बरोबर असेलही, पण प्रश्नच चुकीचा निवडला आहे. आपल्याकडे रॉड मासा तोडत नाही, खडप तोडते. मासा लागला की माणूस दोन्ही हात मोकळे करायला रॉड कातळावर टेकवतो, ओहोटीला शेवाळावरून पाय घसरतो, साठ ग्रॅमचे जिग (धातूचे वजनदार ल्यूर) फेकताना ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या कार्बनी काठीवर, आपटते. कार्बनच्या पातळ भिंतीला नखाएवढा टवका गेला तरी त्या दिवशी काहीच होत नाही. पुढच्या महिन्यात निम्म्या भाराला तो रॉड तिथेच काडकन मोडतो आणि आपण कंपनीला दोष देतो. रॉड जितका हलका आणि ताठ, तितकी ती भिंत पातळ.

१९७६ साली अग्ली स्टिक हा रॉड आला, त्यात ग्रॅफाइट आणि काचतंतू एकत्र केलेले होते. त्याला कोणी नाजूक म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. माझ्याकडे त्याच जातीचा एक मिश्र रॉड आहे. वजनाला मुसळासारखा आहे हे मान्य, पण हेदवीच्या कातळावर तो तीनदा पडला आणि अजून तांबोशी मासा काढतो. पैसे घालायचेच असतील तर पंधरा हजार रॉडला आणि पंचवीस हजार रिळाला घालावेत, कारण मासा थकवतो तो रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी अडवून धरणारा ब्रेक.

आणि हमीवर विसंबू नका. मी परदेशी रॉड एका विक्रेत्याकडून घेतला होता, नाव घेत नाही. तिसऱ्याच खेपेला शेंडा गेला, तेव्हा ‘हमी मूळ देशात नोंदलेली आहे, रॉड तिकडे स्वखर्चाने पाठवा’ असे उत्तर आले. पाच फुटांचे तुकडे परदेशी धाडायचा खर्च ऐकून मी तो शेंडा माडाच्या बुंध्याशी ठेवून दिला.

खडपवेडा

काका, शेंडा गेला असे तुम्ही लिहिता, पण तो कसा गेला ते लिहीत नाही. मासा पायाशी आला की त्याला उचलून घेण्यासाठी बहुतेक जण रॉड उभा करून खांद्यामागे नेतात. त्या क्षणी सगळा भार मधल्या जाड भागावरून निघून शेवटच्या हातभर काडीवर येतो आणि महाग-स्वस्त कुठलाही रॉड तिथेच मोडतो. तो दोष तंतूचा नव्हे.

हलकेपणाची तुम्ही थट्टा करता, पण पहाटे साडेपाचपासून दहापर्यंत दोनशे-अडीचशे वेळा फेकून पाहा. ताठ ब्लँक फेकीनंतर लवकर स्थिर होतो, थरथरत राहत नाही, म्हणून दोरी कड्यांना कमी घासते आणि समोरून वारा असताना ल्यूर चार-पाच मीटर पुढे पडते. गोबरा मासा जिथे बसतो ती कपार नेमकी तेवढीच लांब असते.

खाडीकाठ

मी रेवदंड्याच्या खाडीत जिताड्यासाठी गरवतो, त्यामुळे तुमच्या खडपाच्या भांडणात फारसा पडत नाही. पण दोघांनीही दोरी ओवायच्या कड्यांकडे पाहिलेलेच नाही, याचे नवल वाटते. खाऱ्या पाण्यात रॉड म्हातारा होतो तो कड्यांपासून. स्वस्त स्टीलच्या चौकटीचा पाय दोऱ्याच्या वेटोळ्याखाली गंजतो आणि वरून लाखेसारखा थर असल्यामुळे तपकिरी डाग फुटेपर्यंत तो दिसतही नाही. महाग रॉडमध्ये मी पैसे मोजतो ते फुजीच्या टायटॅनियम चौकटीसाठी आणि सिलिकॉन कार्बाइडच्या कडीसाठी. दुकानात जाताना खिशात कापूस ठेवावा आणि त्याचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे, आणि तीच चीर उद्या तुमची ब्रेड (विणलेली) दोरी कापणार आहे.

पिशवीच्या चाचणीबद्दल एवढेच की ती स्थिर रॉडचे माप देते. फेकताना रॉड परत कसा येतो, हे तिला कळत नाही. दोन रॉड ६०० ग्रॅमलाच वाकतील, पण एक चाबकासारखा परतेल आणि दुसरा ओल्या वेतासारखा.

मालवणची सागरिका

येथे लिहिणारे सगळे दादा-काका साधारण एकाच उंचीचे असावेत, असे वाटते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. दहा फुटी रॉडवर रिळापासून मुठीच्या टोकापर्यंतचे अंतर एवढे लांब असते की फेकताना टोक कोपरात अडकते, आणि ते अंतर जाहिरातीत क्वचितच दिसते. मी आता शिवणाची टेप घेऊनच दुकानात जाते. रिळाच्या पायापासून माझ्या कोपराच्या जेमतेम पुढे टोक गेले तरच रॉड हातात घेते, मग त्यावर किती टन लिहिले आहेत ते पाहते.

लांबीचा दुसरा हिशेबही कोणी मांडलेला नाही. मूठ कमरेला टेकवली, वाकलेला शेंडा तेथून दोन मीटर पुढे राहिला आणि पुढचा हात अर्ध्या मीटरवर असेल, तर पाच किलोंच्या ड्रॅगला त्या हातावर वीस किलोंचा भार येतो. लांब रॉड फेकायला आपल्या बाजूने असतो, ओढायला माशाच्या. म्हणून मी नऊ फुटांवर थांबले आणि गमावलेले अंतर दोरी बारीक करून भरून काढले.

तंगूसवाला

सागरिकाताईंचा हिशेब मान्य. माझ्या मिश्र रॉडला लांब मुठीमुळेच दुपारी खांदा भरून येतो, हे कबूल करतो, पण एवढ्यावरून चाळीस हजारांना माझी संमती गृहीत धरू नये. शेंड्याबद्दल खडपवेडा यांचा तर्कही खरा आहे. मी त्या दिवशी रॉड खांद्यामागेच नेला होता.

खडपवेडा

काल मुंबईत जाऊन दोन रॉड पाहिले. माझे स्वतःचे रीळ बसवून, दोरी ओवून, दुकानदाराच्या मुलाला दोरीचे टोक धरायला लावून वाकवले. चाळीस टनी रॉड हातात पिसासारखा वाटला, पण रीळ लावताच तोल शेंड्याकडून पार मुठीकडे गेला. तेहतीस टनी थोडा जड असूनही बोटावर रिळाच्या जरा पुढे स्थिर राहिला. टेपने मोजले तर त्याची मूठ पावणेदोन इंचांनी आखूडही निघाली. कापसाचा बोळा एका कडीत अडकला, म्हणून त्याच नगाऐवजी दुसरा मागवला आहे. किंमत एकतीस हजार.

उरलेल्या नऊ हजारांतून ब्रेड दोरी आणि लीडर (तिच्या टोकाला बांधायची जाड दोरी) येईल, आणि रॉड कातळावर टेकवायचाच झाला तर मुठीच्या वर वीतभर सायकलची जुनी ट्यूब चढवणार आहे. काका, पहिल्या भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) हेदवीला या. ट्यूब तुम्हीच कापून द्या.