‘लैंगिकता’ की ‘शृंगार’?

अनुवादिका : पुण्यातल्या एका समकालीन नृत्यप्रयोगाचं माहितीपत्रक मराठीत करायचंय. दोन पुरुष, एकमेकांवर भार टाकत केलेली रचना. मूळ इंग्रजीत ‘सेक्शुअ‍ॅलिटी’ आणि ‘पोस्टमॉडर्न’ ओळीआड. ‘लैंगिकता’ लिहिलं की आरोग्य खात्याचं पत्रक वाटतं, ‘कामुकता’ म्हणजे थेट शेराच. ‘शृंगार’ चालेल?

कोशवेडा : नाही. शृंगाराला आलंबन, म्हणजे ज्याच्याविषयी तो भाव जागतो ती व्यक्ती लागते, नायक कोण नि नायिका कोण हे ठरलेलं असतं. इथे तेच तर मोडायचंय. ‘लैंगिकता’च ठेवा, फक्त ‘लिंगभाव’शी गल्लत नको. पुरुषाने नऊवारी नेसून लावणी केली तर मुद्दा लिंगभावाचा. त्याला कोण हवंसं वाटतं, हा लैंगिकतेचा.

पेठकर : आधी ‘उत्तराधुनिक’ खोडा. उत्तरपेशवाई म्हणजे पेशवाईचाच शेवटचा काळ, तिच्यानंतरचा नव्हे. स्वातंत्र्योत्तर, तसं आधुनिकोत्तर.

कोशवेडा : रूढ झालंय हो. आता कोण बदलणार?

पेठकर : रूढ तर ‘धन्यवाद मानतो’ही झालंय.

तालमीतला : पोस्टमॉडर्न नृत्य जिथून सुरू झालं, त्या न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमधला पहिला प्रयोग जुलै १९६२चा. सरळ ‘साठोत्तरी’ म्हणा! पण पोस्टमॉडर्न म्हटलं की लैंगिकता आलीच, हे पत्रकवाल्यांचं गृहीतक चूक आहे. जडसनच्याच गटातल्या नृत्यरचनाकार इव्हॉन रेनरने नृत्यात काय काय नको, याच्या १९६५च्या ‘नाही’च्या यादीत प्रेक्षकाला भुरळ घालणंच नाकारलं. तिच्या ‘ट्रायो ए’मध्ये (१९६६) नर्तक प्रेक्षकांच्या नजरेला नजर देत नाही. लावणीतून नजर काढली तर काय उरेल? आपल्याकडे कामभावना उघडपणे रचनेचा विषय झाली ती नृत्यरचनाकार चंद्रलेखांच्या ‘शरीर’मध्ये (२००१), मनदीप रैखींच्या ‘क्वीन-साइज’मध्ये (२०१६). दुसऱ्यात दोन पुरुष आणि एक खाट, तेही समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम लागू असताना.

अनुवादिका : बरं, एकमेकांवर भार टाकण्याला मूळ इंग्रजीत ‘लीन’ आहे, त्याचं ‘टेकणे’ केलंय.

तालमीतला : टेकणे नव्हे, रेलणे! टेकताना भार आपल्याच पायांवर असतो. जोडीदार सरकला तरी आपण उभे. रेलताना तो सरकला की पडलोच. पाय लांब ठेवायचे, पाठ किंवा कूस द्यायची, हातांनी धरायचं नाही. धरलं की खांदे ताठरतात, तोल कळेनासा होतो. भार घेणाऱ्याने गुडघे सैल ठेवून तो जमिनीत सोडला नाही, तर सगळा कमरेवर येतो. शिवाय हाताची पकड आली की प्रेक्षकाला ती मिठीच दिसते. मग पत्रकात काहीही छापा.

पेठकर : रेलतात लोडाला, तेही जेवणानंतर. माणसाला ‘भार देतात’.

कोशवेडा : ‘भर देणे’ म्हणजे महत्त्व देणे. दोन्हींत गोंधळ होईल.

तालमीतला : तालमीत सगळे ‘वेट दे’, म्हणजे वजन दे, म्हणतात.

अनुवादिका : ‘लैंगिकता’चं काय ठरलं मग? पत्रक उद्या छापायला जातंय.

पेठकर : ‘रेलणे’ची व्युत्पत्ती कुणी पाहिली का?