मदत हवी आहे : ल्युब्लियानात एक दिवस, सोबत गुडघेदुखी असलेली आई

येत्या सप्टेंबरमधील एका रविवारी आम्ही चौघे, म्हणजे ७४ वर्षांची आई, सहा वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघे, स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना पाहणार आहोत. आई सपाट रस्त्यावर अर्धा तास सावकाश चालते. पायऱ्या मात्र तिला जमत नाहीत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढाच वेळ हाताशी आहे.

नकाशा पाहून ठरवले आहे ते असे : वास्तुविशारद योझे प्लेचनिक यांनी घडवलेला तिहेरी पूल, १९०१ चा ड्रॅगन पूल (मुलीला तोच पाहायचा आहे) आणि ल्युब्लियानित्सा नदीतली नौकाफेरी. रविवारी मध्यवर्ती बाजार बंद असल्याने तो वगळला आहे. जुन्या शहरात मोटारींना बंदी असली, तरी विनामूल्य विद्युत गाड्या मिळतात, हेही ठाऊक आहे.

अडले आहे ते शहरातल्या टेकडीवरच्या किल्ल्यापाशी. क्रेकोव्ह चौकातून केबलवर चालणाऱ्या रेल्वेने वर जाता येते. परंतु वर उतरल्यावर अंगणापर्यंत पायऱ्या किंवा चढ किती आहे, आणि मनोऱ्यावर न चढताही शहराचे दृश्य नीट दिसते का, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्या कोणी सांगू शकेल का?